नाण्याचं जुळं

माझ्या कामाला एका शब्दाचं नाव नाही, याचा त्रास मला पहिल्याच आठवड्यात झाला. जयनगरच्या फोर्थ ब्लॉकात बांगड्यांच्या दुकानावर मी एक खोली घेतली होती. घरमालकांनी हौसेने जिन्याशी कन्नडमध्ये पाटी लावून दिली. तिचा अर्थ साधारण 'इथे नाणी पाहून मिळतील' असा होता. ती वाचून तीन जण सुट्टे पैसे मागायला वर आले.

पुढे बावीस वर्षं मी त्या खोलीत बसले. लोक जुनी नाणी घेऊन येत आणि मी ती खरी की खोटी ते सांगत असे. त्याआधी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मोडलेले गिअर, तडकलेले दांडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि धातू कुठे, का फाटला ते शोधायचं, हे तिथलं काम. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी मूर्ती नावाचा नाणेव्यापारी एक चांदीचा रुपया घेऊन घरी आला. त्याला फक्त चांदी तपासून हवी होती. मी रुपया पाहिला आणि सांगितलं, चांदी ठीक आहे, पण हा ठोकून पाडलेला नाही, साच्यात ओतलेला आहे. ओतलेल्या धातूत हवेचे बारीक बुडबुडे राहतात, ठोकलेल्यात राहत नाहीत. मूर्ती रुपया खिशात टाकत म्हणाला, "अक्का, तुम्ही दुकान काढा."

आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आलं असं घरात सांगतात. इथली सगळीच जुनी मराठी घरं तसं सांगतात. त्याचा दाखला मागितला तर कुणाकडेच निघायचा नाही. पण नाण्याला दाखला लागतो, आणि तो द्यायचं काम माझं होतं.

सुरुवातीला सर्वांत जास्त आले ते रामटंकेवाले. एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि दोनशे वर्षांपूर्वीचं साल. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागे. एक पेन्शनर गृहस्थ तर आईने साठ वर्षं पूजलेलं नाणं रेशमी कापडात गुंडाळून घेऊन आले होते. मी सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग आता देवघरातून काढायचं का? मी म्हटलं, देवघरात असू द्या, विकायला मात्र काढू नका. ते समाधानाने गेले. मला वाटतं, त्या वर्षी मी दिलेला सर्वांत बिनचूक सल्ला तोच असावा.

दुसरे एक कोरमंगलाचे हॉटेलवाले. त्यांच्याकडे एकोणीसशे एकोणचाळीस सालचा रुपया होता. तो फार दुर्मीळ आहे. अडतीसचा त्या मानाने सहज मिळतो. कुणा कारागिराने अडतीसमधल्या आठाचं खालचं वाटोळं एका बाजूने कोरून त्याचा नऊ केला होता. वजन बरोबर, चांदी बरोबर, राजाचा चेहरा बरोबर. खोटा होता तो एकच आकडा, आणि तोही अर्धा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नऊभोवती हत्याराचे ओरखडे दिसले तेव्हा मला मोठा अभिमान वाटला होता. अशा नाण्यांनी माझं नाव झालं. मूर्ती गिऱ्हाइकांना सांगायचा, अक्कांनी हो म्हटलं की हो. हे ऐकायला चांगलं वाटे, हे मी नाकारत नाही.

ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे तो नरसिंगराव मेष्ट्रूंचा आहे.

मेष्ट्रू म्हणजे मास्तर. बसवनगुडीच्या एका कन्नड शाळेत त्यांनी इतिहास शिकवला, पण घरात आमच्यासारखंच मराठी. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं हळू आणि पूर्ण वाक्यात. त्यांचा नाद पाळेगारांचा. पाळेगार म्हणजे एखादी गढी आणि भोवतालची थोडी गावं सांभाळणारे छोटे सरदार. बंगळूरच्या उत्तरेला असा एक पाळेगार होऊन गेला. तो स्वतःची नाणी पाडत होता, त्याची स्वतःची टांकसाळ होती, असं मेष्ट्रूंचं चाळीस वर्षांचं म्हणणं. त्यावर त्यांनी तीन लेखही लिहिले होते. विद्यापीठातले लोक ते हसण्यावारी नेत, कारण पुरावा म्हणून मेष्ट्रूंकडे जुन्या कागदातली एक ओळ होती, आणि नाणं मात्र एकही नव्हतं.

ते नाणं आता त्यांच्या पिशवीत होतं. औषधाच्या डबीत, कापसावर. सोन्याचा वराह, म्हणजे आपल्याकडच्या होनासारखं करंगळीच्या नखाएवढं नाणं. एका बाजूला बसलेली देवता, दुसऱ्या बाजूला तीन ओळी अक्षरं, आणि तिसऱ्या ओळीत त्या पाळेगाराच्या गावाचं नाव. एका जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे मिळालं, असं त्यांनी सांगितलं. डबी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

मी नेहमीप्रमाणे सगळं केलं. वजन घेतलं. हॉलमार्क सेंटरमध्ये नेऊन क्ष-किरणाच्या यंत्राखाली सोन्याचा कस पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बाजू आणि कड पाहिली. नाणं ठोकताना धातू मधून कडेकडे पळतो आणि त्याच्या बारीक रेषा राहतात, त्या होत्या. बुडबुडा एकही नव्हता. सोन्याचा कस त्या काळच्या वराहांचा असतो तसाच होता. नाणं चोरीला गेलं तर ओळखता यावं म्हणून त्याच्या जखमा वहीत टिपून ठेवायची माझी पद्धत आहे. मी लिहिलं, देवतेच्या डाव्या गुडघ्याजवळ नखाच्या कातरणासारखी छोटी खोक. फोटो काढले. तिसऱ्या दिवशी 'अस्सल' असा दाखला सही करून दिला.

मेष्ट्रूंनी तो उभ्यानेच वाचला आणि मग खुर्चीत बसले. पाणी मागितलं. तीन महिन्यांनी त्यांचा चौथा लेख छापून आला. त्यात नाण्याचा फोटो होता आणि माझ्या दाखल्याचा उल्लेख. एका प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकाच्या तळटीपेत टांकसाळीची नोंद घेतली. त्या दिवशी मेष्ट्रू घरचे चिरोटे घेऊन माझा जिना चढून आले होते.

यावर पाच-सहा वर्षं गेली असतील. एका शनिवारी सकाळी ऋषिकेश नावाचा तिशीतला मुलगा आला. मूळचा साताऱ्याचा, महादेवपुऱ्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याचं मराठी तिकडचं, निम्मं इंग्रजी. मला मॅडम म्हणत होता. त्याचे वडील निवृत्त पोस्टमास्तर, आयुष्यभर आणे-पैसे जमवत आलेले. सोन्याचं नाणं त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांना पंचाहत्तर पुरी होणार होती आणि मुलाने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून त्यांच्यासाठी वराह मागवला होता. वडील अशा बाबतीत चिकित्सक, म्हणून दाखला हवा होता. त्याच्या हिशेबाने पाच-दहा मिनिटांचं काम.

त्याने प्लास्टिकची डबी उघडली आणि सोबत विक्रेत्याने दिलेला कागद पुढे सरकवला. ती मेष्ट्रूंच्या लेखाची झेरॉक्स होती. माझं नाव होतं त्या ओळीला पिवळा रंग फासला होता.

मला झाला तो आनंद. त्या पाळेगाराचं दुसरं नाणं! एकुलत्या नाण्यावर कुणी शंका घेऊ शकतं, दोन झाली की म्हणणं पक्कं होतं. मेष्ट्रूंना फोन करायला मी हात पुढे केलासुद्धा. मग सवयीने आधी नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

डाव्या गुडघ्याजवळ नखाच्या कातरणासारखी खोक होती.

इथे जरा समजावून सांगायला हवं. एकाच ठशातून पाडलेली दोन नाणी दिसायला एकसारखी असतात, त्यात नवल नाही. ठशाला तडा गेला असेल तर तो तडाही दोघांवर उतरतो. पण खोक ही नंतर पडते. कुणाच्या कमरेच्या पिशवीत, दुसऱ्या नाण्यावर आपटून, दगडावर पडून. दोन माणसांच्या कपाळावर एकाच जागी, एकाच मापाचा, एकाच आकाराचा व्रण असू शकत नाही, तसंच हे. तसा दिसला तर त्याचा एकच अर्थ, की खोक पडलेल्या एका नाण्यावरून कुणीतरी ठसा बनवला आणि त्यातून प्रती ठोकल्या. त्यासाठी जुनीच झिजलेली नाणी वितळवली की सोन्याचा कसही बरोबर येतो. यंत्र सोनं कुठलं ते सांगतं. ते कोणी, कधी ठोकलं हे सांगत नाही.

तरीही मी स्वतःला एक वाट काढून दिली. हे तेच नाणं असेल, मेष्ट्रूंनी विकलं असेल. फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, मेष्ट्रू, वराह कसा आहे? ते म्हणाले, कपाटात आहे, कालच सुनेच्या भावाला दाखवला.

मी ऋषिकेशला सांगितलं की नाणं काही दिवस ठेवून घ्यावं लागेल. पावती दिली. काही प्रॉब्लेम आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून सांगता येत नाही. तो गेल्यावर वही काढली, जुने फोटो काढले, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी आणखी दोन खुणा जुळल्या. एका अक्षराच्या शेपटीतला खळगा, आणि कडेजवळचा एक ओरखडा.

सोमवारी मूर्ती आला तेव्हा त्याला सांगितलं. एवढ्या वर्षांत मी त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. त्याने बराच वेळ विचार केला आणि मला जो सल्ला दिला तो दुष्टपणाचा नव्हता. त्याचं म्हणणं, त्या मुलाच्या नाण्याला खोटं ठरवा, पण कारण दुसरं द्या. सोन्याचा कस जुळत नाही असं लिहा, कोण पुन्हा बघायला जातंय? मुलगा फसवणुकीतून सुटेल आणि मेष्ट्रूंनाही धक्का बसणार नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस आहे, त्याच्या उशाखालचा आधार का काढून घेता?

त्याने माझ्या नावाबद्दल एक शब्द काढला नाही, पण ते दोघांच्याही मनात होतंच. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी झोपले. पण सकाळी उठले तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट होत्या. मुलाचं नाणं खोटं आहे याचा पुरावा एकच होता, मेष्ट्रूंचं नाणं. दुसरा पुरावा मला तयार करावा लागला असता, म्हणजे मीही त्या कारागिराच्याच रांगेत बसले असते. आणि ती पिवळी ओळ. तो लेख आणि माझं नाव दाखवून असे आणखी किती वराह विकले जाणार होते कोण जाणे.

एक आशा मात्र उरली होती. मेष्ट्रूंचं नाणं मूळ असेल आणि त्याच्यावरूनच कुणी ठसा बनवला असेल, तर मेष्ट्रूंचं खरं आणि मुलाचं खोटं. ज्या व्यापाऱ्याकडून मेष्ट्रूंनी ते घेतलं त्याच्याकडे ते बरेच दिवस पडून असणार, ठसा घ्यायला तेवढा वेळ पुरे. ऋषिकेशची परवानगी घेऊन त्याचं नाणं पर्समध्ये ठेवलं आणि छोटा सूक्ष्मदर्शक उचलून मी मेष्ट्रूंकडे गेले. त्यांचं घर माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. त्या दिवशी मी रिक्षा केली.

त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबल मोकळं करून दिलं. सूनबाईंनी कॉफी आणली. मी आडवळण न घेता सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सरी. ठीक आहे, आधी बघू."

कपाटातून डबी आणली आणि दोन्ही वराह शेजारी ठेवले. मी त्यांना सांगितलं, काय बघायचं ते. धातूवर घाव बसतो तेव्हा तिथला धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो, आणि खोकेच्या कडेला बारीक बांध उठतो. खऱ्या घावाचा बांध तीक्ष्ण असतो. प्रतीमध्ये तो गोल होतो, साबणासारखा, कारण तिथे घाव बसलेलाच नसतो, घावाचं चित्र उमटलेलं असतं. मुलाच्या नाण्यावर बांध गोल होता. आता त्यांच्या नाण्यावर तो तीक्ष्ण निघाला पाहिजे.

मी आधी पाहिलं. मग खुर्ची मागे घेतली आणि त्यांना जागा दिली.

चष्मा कपाळावर सरकवून ते खूप वेळ पाहत राहिले. एकदा नाणी अदलाबदल करून पाहिली. शेवटी मान वर न करताच म्हणाले, "दोन्ही गोल आहेत, सरोजाबाई."

"हो."

"म्हणजे मूळ तिसरंच."

"हो. ही दोन्ही प्रती."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. वर्गात प्रश्न विचारावा तसं, आवाज न चढवता, त्यांनी विचारलं, "हे तेव्हा दिसलं नव्हतं का?"

या प्रश्नाची तयारी मी रिक्षात केली होती. तंत्राची ढाल होती. एकटं नाणं आपलं जुळं असल्याचं सांगत नाही, दुसरं समोर आल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं, आणि हे सगळं खरं होतं. पण ते तसे बघत असताना ती ढाल वर उचलवेना.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "बांध गोल आहे हे दिसलं होतं. मी झीज समजले. तुमचा लेख या नाण्यासाठी थांबलाय हे मला माहीत होतं, आणि मला ते खरं निघायला हवं होतं."

त्यांनी दोन्ही नाणी परत आपापल्या डबीत ठेवली. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणजे मीच तुम्हाला घाई केली."

"नाही, मेष्ट्रू. तुम्ही तर मधल्या तीन दिवसांत विचारायलासुद्धा आला नव्हता. घाई माझी."

कॉफी गार झाली होती. ती त्यांनी तशीच घेतली. मग उठून शेल्फवरून जुन्या लेखांची फाइल काढली आणि तिसरा लेख उघडून माझ्यापुढे ठेवला. नाण्याच्या कितीतरी आधीचा. त्यात त्यांनी अंदाज केला होता की त्या काळी गावाचं नाव कसं लिहीत असतील. नाण्यावर अक्षरन् अक्षर तसंच होतं. त्या वेळी त्यांना वाटलं होतं, आपला अंदाज नाण्याने खरा ठरवला. आता त्याच ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा लेख वाचून कुणी ते माझ्यासाठीच बनवलं असेल का?"

मला हे सुचलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं की तसंही असेल. किंवा ते मूळ तिसरं नाणं खरंच त्या पाळेगाराचं असेल, कुठेतरी कुणाच्या पेटीत असेल, आणि तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर असेल. मूळ नाणं खरं की बनवलेलं, त्यावरची खोक वापराने पडलेली की मुद्दाम पाडलेली, हे प्रतीवरून सांगायला माझ्याकडे काहीही साधन नाही. कुणाकडेच नाही.

मी म्हटलं, तुम्ही काही करू नका. दाखला मागे घेतल्याचं मी लेखी देते, मासिकाला मीच कळवते, चूक माझी आहे. ते पहिल्यांदा जरा कठोर झाले. म्हणाले, "दाखला तुमचा, तो तुम्ही मागे घ्या. लेख मी लिहिलाय." आणि "त्या मुलाच्या अहवालात माझं नाव, माझं नाणं, सगळं स्पष्ट लिहा, फोटो घाला," असं बजावून त्यांनी आपला वराह डबीसकट माझ्या हातात दिला.

शुक्रवारी अहवाल तयार झाला. ऋषिकेशने तो वाचला, शेजारी शेजारी ठेवलेले फोटो पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. विक्रेत्याचा नंबर त्याआधीच लागेनासा झाला होता. पोलिसांत तक्रार केली, तिचं अजून काही झालेलं नाही. जाताना त्याने मला विचारलं, "काकू, बाबांना काय सांगू?" मॅडमची काकू त्या क्षणी झाले. मी म्हटलं, अहवाल दे त्यांच्या हातात.

रविवारी दुपारी साताऱ्याहून पोस्टमास्तरांचा फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांना विचारायचं होतं की बांध गोल आहे हे भिंगाने दिसेल का, आणि किती पटीचं भिंग लागेल. त्यांच्याकडे दहा पटीचं होतं, त्यातून नीट दिसत नव्हतं. मी वीस पटीचं सांगितलं. ते नाणं आता त्यांच्या संग्रहात आहे आणि खाली 'नकली' अशी चिठ्ठी आहे. मुलगा सांगतो, घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सर्वांत आधी तेच दाखवतात.

त्याच महिन्यात मी जुन्या वह्या काढून बसले. जिथे जिथे 'झीज' असा शब्द लिहून मी पुढे गेले होते, अशा सतरा दाखल्यांच्या मालकांना पत्रं पाठवली, की नाणं पुन्हा दाखवा, फी नाही. अकरा जणांनी आणली. त्यांतलं एक खोटं निघालं. सहा जणांनी उत्तरच दिलं नाही. त्यांच्याकडच्या कागदावर माझी सही अजून आहे, आणि त्याला आता माझा इलाज नाही. काही व्यापाऱ्यांनी माझ्याकडे येणं बंद केलं. मूर्ती येत राहिला, पण 'अक्कांनी हो म्हटलं की हो' हे मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. तो माझ्यावर रागावला होता असं मला वाटत नाही. त्याला ते म्हणता येईना, एवढंच.

नाणी जमवणाऱ्यांची जयनगरच्या एका शाळेत महिन्यातून एकदा बैठक होते, रविवारी सकाळी. वीस-पंचवीस लोक, लाकडी बाकं, फळ्यावर मुलांची गणितं तशीच. मेष्ट्रूंनी तिथे बोलायला वेळ मागून घेतला होता. मी मागच्या बाकावर बसले. दोन पानं त्यांनी हाताने लिहून आणली होती, कन्नडमध्ये. चौथा लेख मागे घेत असल्याचं वाचलं, कारण वाचलं, खोकेबद्दल मी सांगितलं होतं ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. आपला तिसरा लेख वाचून कुणी नाणं बनवलं असण्याची शक्यताही त्यांनी लपवली नाही. कुणावर दोष ठेवला नाही. माझा उल्लेख आला तिथे मी मान खाली घातली होती, पण ऐकलं. चूक लक्षात येताच ती आपल्याकडे घेऊन आल्या, एवढंच ते म्हणाले.

मी तिथेच उठून माझा दाखला मागे घेतल्याचं चार वाक्यांत सांगितलं. खाली बसल्यावर समोरच्या बाकावरून एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, तेही आदरानेच, की मग सर, आता तुमचं मत काय, त्या पाळेगाराची टांकसाळ होती की नव्हती?

चाळीस वर्षं या प्रश्नाला मेष्ट्रूंचं उत्तर तयार असायचं. तास तासभर ते त्यावर बोलत. त्या दिवशी त्यांनी हातातली पानं घडी करून खिशात ठेवली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "गोत्तिल्ला."

माहीत नाही. एवढंच म्हणून ते बसले. मग मधल्या बाकावरून कुणीतरी हळूच टाळी वाजवायला सुरुवात केली. मेष्ट्रूंनी हात हलवून ती थांबवली आणि म्हणाले, पुढचा विषय घ्या, वेळ जातोय.

मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली त्यांची वाट पाहत उभी राहिले. तोपर्यंत हजारो नाणी माझ्या हातून गेली होती. प्रत्येक कागदावर मी 'अस्सल' किंवा 'नकली' यांतलं एक लिहिलं होतं. तिसरं काही लिहायला माझ्या छापील फॉर्मवर जागाच नव्हती. लोकांना ते नको असतं, म्हणून मीच ती ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन फॉर्म बदलून घेतला. त्या आठवड्यात कोरमंगलाच्या एक बाई सासूबाईंचं सोन्याचं नाणं घेऊन आल्या. तीन दिवस पाहूनही माझा निर्णय होईना. तेव्हा 'सांगता येत नाही' असं लिहिलं आणि खाली का सांगता येत नाही ते सहा ओळींत लिहिलं. बाईंनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं की याचीही फी द्यायची असते का. मी हो म्हटलं, आणि पावती फाडून दिली.